तालपुटाचा प्रश्न आणि इंडोनेशियाचे डांगडुट

लोकांच्या करमणुकीचा विचार धम्माच्या अभ्यासकाने करावा काय, असा प्रश्न काही वाचक उपस्थित करतील. आमच्या मते तो केलाच पाहिजे. जेथे लक्षावधी माणसे एकत्र येऊन हसतात, रडतात आणि नाचतात, तेथे त्यांच्या चित्तात काय उत्पन्न होते आणि त्यापायी कोणाच्या वाट्यास दुःख येते, हा प्रश्न धम्माच्या कक्षेबाहेरचा असू शकत नाही. संयुत्तनिकायातील गामणिसंयुत्तात हाच प्रश्न तथागतांपुढे आलेला आहे. तो विचारणारा तालपुट हा एका नटसंचाचा नायक होता.

प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या आधारे इंडोनेशियातील 'डांगडुट' या लोकप्रिय संगीतप्रकाराचे परीक्षण करण्याचे आम्ही योजिले आहे. इंडोनेशिया म्हटले की बौद्ध अभ्यासकाची दृष्टी बोरोबुदूरकडे जाते आणि बहुधा तेथेच थांबते. २८ कोटींच्या त्या देशात आज बौद्धांची संख्या शेकडा एकाहूनही कमी आहे. त्यामुळे जिवंत समाज बाजूस सारून आपण पाषाणाचा अभ्यास करीत राहतो. परंतु त्या पाषाणानेही करमणूक करणाऱ्यांकडे पाठ फिरविलेली नाही. बोरोबुदूरच्या झाकलेल्या पायथ्यावर कर्मविभंगाचे १६० शिल्पपट आहेत. इ. स. १८८५ मध्ये त्यांचा शोध लागला. कर्म आणि त्याचे फळ दाखविणाऱ्या या पटांत वादक आहेत, नर्तकी आहेत, रस्त्यावर खेळ करून पोट भरणारी माणसेही आहेत. शिल्पकाराने त्यांना देवत्व दिले नाही आणि हद्दपारही केले नाही. कर्माच्या जगात इतर माणसे जेथे आहेत, तेथेच तीही आहेत. आजच्या गायक-नर्तकांकडे पाहताना हीच दृष्टी आम्हांस योग्य वाटते.

मुंबईहून गेलेला ताल

डांगडुटच्या जन्मकथेत मुंबईचा वाटा मोठा आहे. १९५० च्या दशकात इंडोनेशियाच्या शहरांत 'ओर्केस मेलायू' म्हणजे मलय वाद्यवृंद लोकप्रिय होते. त्याच सुमारास 'आवारा' (१९५१) आणि त्यानंतरचे हिंदी चित्रपट तेथील चित्रपटगृहांत गर्दी खेचू लागले. वाद्यवृंदांनी या चित्रपटांच्या चाली उचलल्या आणि त्यांवर इंडोनेशियन शब्द बसविले. एल्या खादाम या गायिकेच्या गाजलेल्या गाण्याचे नावच 'भारतातली बाहुली' अशा अर्थाचे होते. ज्या स्टुडिओंत या मूळ चाली घडल्या, तेथील वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, उत्तरेकडून आलेले मुस्लिम उस्ताद होते, मराठी वादकही होते. त्यांच्या हातचे सूर समुद्र ओलांडून जावा बेटावरील गल्ल्यांत पोहोचले. तेथे त्यांना मलय काव्याची, अरबी स्वरांची आणि बांबूच्या बासरीची सोबत मिळाली.

तबल्याच्या घाटाच्या 'गेंडांग' या वाद्याने या संगीताला त्याचा ताल दिला. त्याच्या दोन बोलांवरून, एक मोकळा 'डांग' आणि एक दबलेला 'डुट', १९७० च्या दशकाच्या आरंभी या प्रकाराला नाव पडले. ते कौतुकाने ठेवलेले नाव नव्हते. सुशिक्षित वर्गाने हिणवून ठेवलेले ते नाव होते. 'काम्पुंगान', म्हणजे गावंढळ, हे विशेषण त्यास कायमचे चिकटले. त्या काळच्या एका रॉक संगीतकाराने तर या संगीताची तुलना कुत्र्याच्या विष्ठेशी केली. गाणे वाईट आहे की नाही, हा प्रश्न त्या हेटाळणीत नव्हताच. ते हमाल, रिक्षावाले, मोलकरणी आणि गिरणीतल्या मुली ऐकतात, एवढा दोष त्याला पुरेसा होता.

या हिणकस नावाचे रूपांतर अभिमानाच्या नावात ज्याने केले, तो गायक म्हणजे रोमा इरामा. त्याने आपल्या 'सोनेता' या वृंदात विजेची गिटार आणली, पाश्चात्त्य रॉकचा जोर आणला आणि गाण्याला उपदेशाची जोड दिली. रात्रीची जागरणे, जुगार आणि मद्य यांवर त्याने गाणी रचली, तसेच मानवी हक्कांवरही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो चित्रपटांचा नायक झाला आणि 'डांगडुटचा राजा' म्हणून ओळखला जाऊ लागला. एल्वी सुकाएसिह ही राणी ठरली. १९७७ च्या निवडणुकीत रोमाने सुहार्तोंच्या विरोधातील मुस्लिम पक्षाचा प्रचार केला. परिणामी सरकारी दूरचित्रवाणीचे दरवाजे त्याला कित्येक वर्षे बंद राहिले. तुच्छ मानल्या गेलेल्या लोकांच्या संगीताला स्वत्व देणारा हा कलावंत होता आणि त्याचे हे श्रेय कोणासही नाकारता येणार नाही.

तिरस्काराची उतरंड

पुढे जे घडले ते मात्र विचार करायला लावणारे आहे. १९९० च्या दशकात मंत्री आणि सेनाधिकारी डांगडुटच्या तालावर मंचावर डोलू लागले. खाजगी दूरचित्रवाणी वाहिन्यांनी या संगीताला चकचकीत पोशाख चढविला. रोमाही १९९७ साली सत्ताधारी पक्षाच्या बाजूस गेला. गावंढळ म्हणून हिणविलेले संगीत राष्ट्राचे संगीत म्हणवू लागले. नेमक्या त्याच सुमारास पूर्व जावाच्या खेड्यांत त्याच संगीताची एक नवी, वेगवान आणि धसमुसळी शाखा वाढत होती. एका स्वस्त नशेच्या गोळीवरून तिला 'कोप्लो' हे नाव पडले. लग्नसमारंभ, जत्रा आणि निवडणुकीच्या सभा येथे हे वृंद वाजत. त्यांच्या कार्यक्रमांच्या चोरट्या ध्वनिचित्र तबकड्या देशभर विकल्या जात.

या तबकड्यांतून इनुल दारातिस्ता ही पासुरुआन जिल्ह्यातील तरुणी घराघरांत पोहोचली. कंबर गिरमिटासारखी फिरविण्याची तिची रीत 'ङबोर', म्हणजे भोक पाडण्याची, म्हणून प्रसिद्ध झाली. २००३ साली ती राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आली आणि एकच गदारोळ उठला. उलेमांच्या परिषदेने आक्षेप घेतला. रोमा इरामाने तिची जाहीर निर्भर्त्सना केली आणि आपली गाणी तिने गाऊ नयेत असे बजावले. ज्या संगीताला एकदा विष्ठा म्हटले गेले होते, त्याचा राजा आता त्याच संगीतातील एका गरीब स्त्रीला अपवित्र ठरवीत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय समाजातील श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण करताना दाखवून दिले आहे की, या रचनेत प्रत्येक पायरीला आपल्याखाली आणखी एक पायरी सापडते आणि म्हणूनच ती रचना टिकते. इंडोनेशियाचा समाज आपल्याहून वेगळा आहे. तेथील भेदांना आपल्या जातीची नावे देणे चुकीचे ठरेल. परंतु तिरस्काराचे मानसशास्त्र सर्वत्र सारखेच असते. कालचा अवमानित आज प्रतिष्ठित झाला की स्वतःची प्रतिष्ठा सिद्ध करण्यासाठी त्याला दुसरा अवमानित लागतो. डांगडुटच्या इतिहासातील हा सर्वांत दुःखद भाग होय.

तथापि त्याच समाजातून त्यास उत्तरही मिळाले, हे नमूद केले पाहिजे. माजी राष्ट्राध्यक्ष आणि थोर मुस्लिम विचारवंत अब्दुर्रहमान वाहिद यांनी इनुलची बाजू घेतली. धर्मगुरू आणि कवी मुस्तफा बिसरी यांनी त्याच वर्षी एक चित्र रंगविले. ईश्वराचे नामस्मरण करीत बसलेले उलेमा आणि त्यांच्या मध्यभागी नाचणारी इनुल, असा त्या चित्राचा विषय होता. नर्तकीला दोष न देता आणि भक्तांची टवाळी न करता त्या चित्राने एकच प्रश्न विचारला: चित्त विचलित झाले असेल तर ते कोणाचे?

राज्यसंस्थेने मात्र हा प्रश्न कायद्याने मिटवू पाहिला. २००८ साली अश्लीलताविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या व्याख्येत चित्रे आणि लिखाण यांबरोबर शरीराच्या हालचालींचाही समावेश आहे. बालीसारख्या प्रांतांनी त्यास विरोध केला. २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा कायम ठेवला, तेव्हा त्या न्यायासनावरील एकमेव स्त्री न्यायाधीशांनी भिन्नमत नोंदविले. स्त्रीच्या देहाचा न्याय करण्याची घाई कोणास होती आणि थांबून विचार करण्याची बुद्धी कोणास झाली, हे यावरून ध्यानी यावे.

तालपुटास मिळालेले उत्तर

आता आपण तालपुटाकडे वळू. आपल्या वडीलधाऱ्या नटांकडून त्याने ऐकले होते की, जो नट सत्य-असत्याच्या मिश्रणाने लोकांस हसवितो व रमवितो, तो मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या संगतीत जातो. हे खरे काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी दोनदा त्यास थांबविले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बद्ध असतात. नट त्यांच्यापुढे तेच विकार वाढविणारे विषय मांडतो. स्वतः मत्त व प्रमत्त होऊन तो इतरांस मत्त व प्रमत्त करतो. त्याची गती देवलोकाकडे नाही. हे ऐकून तालपुट रडला. उत्तर कठोर होते म्हणून तो रडला नाही. इतकी वर्षे आपल्या गुरुजनांनी आपणास फसविले, याचे ते दुःख होते. पुढे तो भिक्खू झाला. त्याच्या गाथा थेरगाथेत संगृहीत आहेत.

या सुत्ताचा उपयोग कलेवर बंदी घालण्यासाठी करणे सोपे आहे आणि तसा तो होतही आला आहे. परंतु सुत्त काळजीपूर्वक वाचावे. तथागतांनी वाद्याला, सुराला किंवा अवयवाला दोष दिला नाही. दोष आहे तो विकार वाढविण्याच्या कर्माला. दुसरे असे की, हे उत्तर कोणा दरिद्री नर्तकीला दिलेले नाही. ते 'नटगामणी'ला, म्हणजे नटांच्या नायकाला दिलेले आहे. संच ज्याच्या हाती आहे, काय दाखवावयाचे हे जो ठरवितो, त्यास ते दिलेले आहे. आमच्या मते हा भेद निर्णायक आहे. इनुलवर तुटून पडलेल्या कोणीही हा भेद केला नाही. गामणी कोण, हे न विचारताच त्यांनी नर्तकीस शिक्षा फर्मावली.

आजच्या इंडोनेशियात गामणी कोण आहे? वाहिन्यांचे मालक आहेत, जलसे भरविणारे कंत्राटदार आहेत, मतांसाठी वृंद भाड्याने घेणारे पक्ष आहेत आणि कोणती चित्रफीत किती जणांस दिसावी हे ठरविणारी यंत्रे चालविणाऱ्या कंपन्या आहेत. गायिका त्यांच्यापुढे हात पसरून उभी आहे. खेड्यातील कार्यक्रमांत 'सावेरान'ची प्रथा आहे. प्रेक्षक मंचाजवळ येऊन गायिकेला नोटा देतात. तिच्या कमाईचा मोठा भाग त्यातून येतो. स्पर्धा वाढली की नोटा मिळविण्यासाठी काहीतरी अधिक करून दाखवावे लागते.

हे 'अधिक' कोठवर जाऊ शकते, हे एप्रिल २०१६ मध्ये दिसले. पश्चिम जावातील कारावांग येथे इर्मा बुले ही २९ वर्षांची गायिका जिवंत साप घेऊन गात असे. कार्यक्रम सुरू असताना नागाने तिच्या मांडीस दंश केला. त्यानंतरही सुमारे ४५ मिनिटे ती गात राहिली आणि मग कोसळली. त्याच रात्री तिचा मृत्यू झाला. ही वार्ता जगभर चमत्कारिक बातमी म्हणून छापली गेली आणि विसरली गेली. आम्ही ती तालपुटाच्या सुत्ताशेजारी ठेवून वाचतो. प्रेक्षकांचा राग आणि मोह, संयोजकाचा लोभ, आणि त्या सर्वांचे मोल चुकते करणारी एक आई. येथे मत्त कोण होते आणि प्रमत्त कोण? विष अंगात भिनत असताना गात राहणाऱ्या स्त्रीला नीतिपाठ देण्याचा अधिकार कोणास आहे?

यशस्वी गायिकांची स्थितीही निर्वेध नाही. पूर्व जावाच्या कोप्लो वृंदांतून पुढे आलेली व्हिया व्हालेन हिने अंगभर पोशाखात, संयत हालचालींनी गाऊन नाव मिळविले. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात स्पर्धांचे गीत तिने गायिले. त्याच वर्षी जूनमध्ये एका फुटबॉलपटूने पाठविलेला अश्लाघ्य संदेश तिने नाव न घेता उघड केला होता. तेव्हा तिला पाठिंबा मिळाला, तसेच 'प्रसिद्धीसाठी हे चालले आहे' असे टोमणेही मिळाले. पोशाख बदलला आणि नृत्य सौम्य झाले, तरी पाहणाऱ्याची दृष्टी बदलली नाही. इनुलच्या देहात दोष शोधणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे असावे.

पंचशिखाची वीणा

तालपुटाचे सुत्त एकटेच वाचले तर धम्म कलेचा वैरी आहे असे वाटेल. उपोसथाच्या दिवशी नृत्य-गीत-वादनापासून विरत राहण्याचे शीलही या मताच्या पुष्टीस दिले जाईल. परंतु दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात वेगळे चित्र आहे. पंचशिख हा गंधर्व वीणेवर एक गीत गातो. ते आहे प्रेमगीत, आपल्या प्रियेसाठी रचलेले, आणि त्यात बुद्धाचा व अर्हतांचा उल्लेखही गुंफलेला आहे. तथागत त्यास थांबवीत नाहीत. तारांचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांत मिसळले आहेत, अशी ते प्रशंसा करतात आणि हे गीत कधी रचले, असे विचारतात. दोन्ही सुत्ते एकत्र ठेवली म्हणजे कसोटी स्पष्ट होते. विकार पेटविणारी कला आणि विकाराला सूर देऊन त्याची धग कमी करणारी कला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण म्हणून आम्ही दिदी केम्पोत याचे नाव घेऊ. सोलो शहरातील रस्त्यांवर गाऊन त्याने आरंभ केला. जावानी लोकसंगीत, डांगडुट आणि आधुनिक वाद्ये यांच्या मिश्रणातून तो गात असे. त्याची गाणी विरहाची असत. सोलोच्या रेल्वे स्थानकावर निरोप घेऊन गेलेली आणि परत न आलेली प्रिया, हा त्याच्या गाजलेल्या गाण्याचा विषय. २०१९ च्या सुमारास तरुण पिढीने त्यास नव्याने उचलून धरले. स्वतःस 'भंगलेले मित्र' म्हणविणारी हजारो मुले-मुली त्याच्या जलशांत एकत्र रडत आणि रडता रडता नाचत. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात त्याने घरून केलेल्या कार्यक्रमातून पीडितांसाठी अब्जावधी रुपिया जमा झाले. ५ मे २०२० रोजी त्याचे निधन झाले.

या गाण्यांना धम्मदेसना म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. त्यांत तृष्णा आहे आणि तृष्णेचे लाड आहेत. तरीही एक गोष्ट मोलाची आहे. 'दुःख आहे' हे उघडपणे म्हणण्याची लाज तेथे गळून पडते. माझे दुःख एकट्याचे नाही, हे शेजारच्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांत दिसते. दुःखाचे कारण आणि त्याचा निरोध गाणे सांगत नाही. पण पहिल्या सत्यापाशी माणसाला प्रामाणिकपणे आणून उभे करते. लोकप्रिय कलेकडून इतके मिळाले तरी ते थोडे नव्हे.

राजवाडा आणि संसद

अखेरीस सत्तेकडे पाहिले पाहिजे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात जकार्ताच्या राजवाड्यात बान्युवांगीचा एक १२ वर्षांचा मुलगा, जो पूर्वी रस्त्यांवर गात फिरे, कोप्लो ढंगाचे गाणे गायिला. 'तुलना करू नकोस' अशी गरीब प्रियकराची विनवणी असलेल्या त्या गाण्यावर मंत्री आणि अधिकारी नाचले. देशाने ते आनंदाने पाहिले. अवघ्या १९ वर्षांपूर्वी ज्या तालावरून देश दुभंगला होता, तो ताल आता राष्ट्रीय उत्सवाचा भाग झाला होता.

पुढे तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२५ रोजी, संसदेच्या वार्षिक अधिवेशनानंतर काही सदस्य सभागृहातच संगीतावर नाचले. त्या नाचात अश्लील असे काहीही नव्हते. परंतु सदस्यांना दरमहा ५ कोटी रुपियांचा, म्हणजे जकार्तातील किमान वेतनाच्या सुमारे ९ पट, गृहभत्ता मिळतो हे लोकांना तेव्हा कळले होते. नाचाची चित्रफीत घरोघर पोहोचली आणि संताप उसळला. २५ ऑगस्टपासून निदर्शने सुरू झाली. २८ ऑगस्टच्या रात्री पोलिसांच्या चिलखती गाडीखाली भाड्याने दुचाकी चालविणारा एक २१ वर्षांचा तरुण चिरडला गेला. करमणुकीच्या क्षेत्रातून संसदेत गेलेल्या दोघा सदस्यांना त्यांच्या पक्षाने निलंबित केले. जमावाने त्यांची घरे लुटली. गृहभत्ता रद्द करण्याची घोषणा झाली. लोकांचा रोष न्याय्य होता. लूट न्याय्य नव्हती. रागाने चालणाऱ्या खेळाला द्वेषाने उत्तर दिल्यास बंध सुटत नाहीत, फक्त त्यांची गाठ बदलते.

हे तीन नाच शेजारी ठेवून पाहावेत. गरीब स्त्रीचा नाच पाप ठरला. राजवाड्यातील नाच संस्कृती ठरला. संसदेतील निरुपद्रवी नाच अपमान ठरला. नीती जर कंबरेच्या हालचालीत असती, तर हे तिन्ही निर्णय असे उलटसुलट झाले नसते. संसदेतील नाच लोकांना सलला, कारण नाचणाऱ्यांच्या सुखाचा भार दुसऱ्या कोणाच्या पाठीवर होता. सामान्य जनतेला या बाबतीत कायदेपंडितांपेक्षा अधिक नेमके कळले, असे आमचे मत आहे.

म्हणून लोकप्रिय कलेच्या समीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. ही करमणूक पाहणाऱ्याच्या चित्तात काय वाढविते? ती उभी करणाऱ्यांपैकी कष्ट आणि अपमान कोणाच्या वाट्यास येतो? आणि गामणीपद कोणाकडे आहे? डांगडुटच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे एकरंगी येत नाहीत. त्या संगीताने अपमानितांना आवाज दिला आहे आणि नवे अपमानितही निर्माण केले आहेत. त्याने अश्रूंना वाट दिली आहे आणि एका स्त्रीला नागाच्या तोंडी दिले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तालपुटाला त्याच्या गुरुजनांनी खोटे सांगितले होते की, लोकांना हसविले म्हणजे सर्व क्षम्य होते. आजच्या नर्तकीला समाज दुसरे खोटे सांगतो की, लोकांचे चित्त बिघडले तर दोष तिचा. पहिल्या असत्याचे निराकरण तथागतांनी केले. दुसऱ्या असत्याचे निराकरण करणे हे आजच्या समीक्षेचे काम आहे.